अकरा व्यायामांचा कागद

तो कागद मला खाटेच्या गादीखाली सापडला. चार घड्या घातलेला, कडा अजून कोऱ्या. म्हणजे तो एकदाही उघडला गेला नव्हता. मी फिजिओथेरपी शिकवते. माझ्या विद्यार्थिनीने सुवाच्य अक्षरात त्यावर अकरा व्यायाम लिहिले होते, प्रत्येकाशेजारी छोटी आकृती काढली होती आणि पुढे नोंद केली होती, ‘१० वेळा, दिवसातून ३ वेळा’. स्ट्रोकनंतर डावी बाजू लुळी पडलेल्या आजींसाठी. आमची पहिली तुकडी तीन आठवड्यांपूर्वी त्या वस्तीत राहून गेली होती. मी एकटीच परत आले होते, काय टिकलंय ते पाहायला.

सुनेला कागदाबद्दल विचारलं तर ती ओशाळली. “मॅडम, त्या ताईंनी फार मनापासून सांगितलं हो. पण मी पहाटे कामावर जाते, दिवेलागणीला येते. अकरा व्यायाम, तेही तीन-तीनदा. कुठलं जमायला? एखादा चुकला तर आईंना इजा होईल, म्हणून मग हातच लावला नाही.” मी मनातल्या मनात हिशेब केला. दिवसाला ३३० वेळा. धडधाकट माणूसही करणार नाही.

मग खाटेच्या कडेला बसून मी आजींना तो प्रश्न विचारला जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. “आजी, तुम्हाला स्वतःचं स्वतः काय करता यायला हवंय?”

“रात्री लघवीला उठायचंय,” त्या लगेच म्हणाल्या. “सुनेला हाक मारावी लागते गं. दिवसभर राबून आलेली असते ती.”

त्या अकरा व्यायामांत खाटेवरून उठण्याचा एकही नव्हता.

कागद मी पिशवीत टाकला आणि परतीच्या वाटेवर त्याच्याबद्दलच विचार करत राहिले. ती विद्यार्थिनी वर्गातली सर्वांत हुशार. तिने अगदी मी शिकवलं तसंच केलं होतं. आमच्याकडे केस प्रेझेंटेशनमध्ये उपचारांची यादी जितकी लांब तितके गुण जास्त, आणि ते गुण देणारी मीच. आमच्या विभागात पॅरलल बार (धरून चालायचे दोन समांतर दांडे) आहेत, वर-खाली होणारी कॉट आहे, मदतीला दोन इंटर्न असतात, आणि मुख्य म्हणजे पेशंट रोज येतो. वस्तीत यातलं काहीच नव्हतं. आणि मी मुलांना निरोप देताना काय सांगितलं होतं? “साधनं नसतील, जमेल तेवढं करा.” त्या ‘जमेल तेवढं’मध्येच सगळा घोळ होता. जिथे साधनं कमी तिथे कामाचा दर्जाही कमी असला तरी चालतो, असं मी न बोलता शिकवून बसले होते.

एरवी आकडे मला तोंडपाठ होते. २०१९ साली जगभरात सुमारे २४१ कोटी लोक असे होते, ज्यांना आपल्या आजारात किंवा दुखापतीत कधी ना कधी पुनर्वसनाचा, म्हणजे पुन्हा हिंडता-फिरता यावं, आपली कामं आपल्याला करता यावीत यासाठीच्या उपचारांचा, उपयोग झाला असता. म्हणजे साधारण दर तीन माणसांत एक. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या काही देशांत गरज असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांपर्यंत ही सेवा पोहोचतच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९७८च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेत प्रतिबंध आणि उपचारांच्या बरोबरीने पुनर्वसन घातलेलं आहे, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. २०१७ साली ‘पुनर्वसन २०३०’ची हाक दिली गेली, २०२३ साली जागतिक आरोग्य सभेने पुनर्वसन आरोग्यव्यवस्थेत रुजवण्याचा ठराव केला. हे सगळं शिकवून झालं होतं. खाट उंच केली की उठणं सोपं होतं, एवढंच राहून गेलं होतं.

पुढच्या तुकडीच्या पोस्टिंगआधी, म्हणजे ती वस्तीत राहायला जाण्याआधी, मी तयारीसाठी सहा आठवडे मागून घेतले. परवानग्या, वेळापत्रक, कुणाचा तास कापायचा यावरच्या बैठका, यात जे जायचं ते गेलं. शेवटी सोळा विद्यार्थी आणि रोजची दुपार मिळाली.

पहिल्या दुपारी इलेक्ट्रोथेरपीच्या, म्हणजे विजेवरच्या उपचारयंत्रांच्या, खोलीला कुलूप लावलं. उरलं काय, तर सतरंजी, एक लाकडी खुर्ची, दोरी, मापाची टेप आणि घड्याळ. मुलांना वाटलं, आता मॅडम बिनसाधनांचे व्यायाम शिकवणार. मी पहिले दहा दिवस कुणाला उपचार करूच दिला नाही. फक्त मोजायला लावलं. खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात. १० मीटर चालायला किती. हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठबस होते. या चाचण्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात चालतात, अभ्यासांत वापरल्या जातात आणि त्यांना वीज लागत नाही. मोजलं नाही तर पुढच्या महिन्यात पेशंट सुधारला की खालावला हे कळणार कसं? ‘बरं वाटतंय’ यावर काम चालवायचं नाही, हा माझा हट्ट होता. जिथे दुसरं कुणी तपासायला नाही, तिथे तर मुळीच नाही.

एक अख्खी दुपार आम्ही ‘उठणं’ या एकाच क्रियेवर घालवली. मी म्हटलं, खुर्चीत बसा, पावलं गुडघ्यांच्या पुढे ठेवा आणि तशीच उठा. कुणालाच जमेना. आता पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, छाती पुढे झुकवा, मग उठा. सगळे उठले. मग खुर्चीऐवजी बुटक्या स्टुलावर बसवलं, त्यानंतर खुर्चीवर घडी घातलेल्या चादरी रचून. बैठक जितकी खाली तितका गुडघ्यांवर आणि खुब्यांवर भार जास्त, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं होतं. मांड्यांनी ते कुणी वाचलं नव्हतं. त्या मुलीने, कागदवाल्या मुलीने (आता ती इंटर्न होती आणि आपणहून मदतीला आली होती) मागून हळूच विचारलं, “म्हणजे आजींची खाट विटांवर चढवली असती तर...?”

“हो,” मी म्हटलं. “उंच खाटेवरून उठण्याचा सराव हाच आजींचा व्यायाम. जमायला लागलं की एकेक वीट काढायची.”

दुसऱ्या आठवड्यापासून हाताने वस्तू करायला घेतल्या. यात मुलं रमली, आणि नेमकी इथेच मला सगळ्यांत जास्त सावध राहावं लागलं. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलोचं वजन, हे सोपं आहे. फुप्फुसांत कफ साठणाऱ्या पेशंटसाठी बाटलीत नळी बुडवून बुडबुडे काढायला लावणं, हेही सोपं दिसतं. पण त्यात हिशेब आहे. नळीचं टोक पाण्यात १० सेंटिमीटर बुडालं तर श्वास सोडताना साधारण तेवढाच दाब मिळतो. मात्र नळी आतून किमान ८ मिलिमीटर रुंद हवी, नाहीतर नळीचाच अडथळा होऊन दाब आपल्याला नको तितका वाढतो. एकाने घरातली बारीक नळी आणली होती. मी त्यालाच फुंकायला लावली, त्याचं तोंड लाल झालं, आणि रुंदीचा मुद्दा पुन्हा सांगावा लागला नाही.

दुसरा एक विद्यार्थी मोठ्या उत्साहाने दोरी आणि चाक घेऊन आला. दाराच्या चौकटीला अडकवायचं, धड हाताने ओढून लुळा हात वर न्यायचा. बनवलं होतं सुरेख. मला ते काढून ठेवावं लागलं. स्ट्रोकनंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल झालेले असतात. खांद्याचं हाड खोबणीत नीट बसलेलं नसताना, खवाटा (खांद्यामागचं पसरट हाड) त्याच्याबरोबर फिरत नसताना हात असा वर ओढला, तर खांदा दुखावतो आणि ते दुखणं मग महिनोन् महिने छळतं. त्याचा चेहरा उतरला. त्याला जवळ बसवून मी सांगितलं की कल्पकतेला माझा विरोध नाही, पण वस्तू फुकटात झाली म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. मोठ्या रुग्णालयात चुकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी नजरेत येते. वस्तीत ती चौकटीला लटकत राहते.

‘जुगाड’ या शब्दाचं जे कौतुक चालतं त्याची मला म्हणूनच धास्ती वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली कमी साधनांच्या ठिकाणी व्हीलचेअर कशी द्यावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत आठ टप्पे आहेत. पेशंटची नोंद आणि वेळ ठरवण्यापासून ते तपासणी, निवड, पैशांची सोय आणि मागणी, खुर्ची तयार करणं, ती अंगाला बसवून पाहणं, वापरायला शिकवणं, आणि शेवटी देखभाल-दुरुस्ती नि पुन्हा भेट. दान म्हणून आलेली खुर्ची उचलून कुणालाही देऊन टाकली, तर त्या आठांपैकी सात गळतात. पाठीमागे उरतो तो बेडसोर, एकाच जागी दाब पडून कातडीला होणारी जखम.

बेडसोरवरचा तास मी घेतलाच नाही. तो आमच्या एका जुन्या पेशंट ताईंनी घेतला. मणक्याच्या दुखापतीनंतर त्या चौदा वर्षं व्हीलचेअर वापरतात आणि इतरांना ती वापरायला शिकवतात. वर्गात आल्या आल्या त्यांनी मुलांना सांगितलं, “मला काहीही विचारा. फक्त मला काय झालंय हे सोडून.” सोळा जण गप्प. दोन-तीन मिनिटांनी एकीने विचारलं, “ताई, तुमचा दिवस कसा सुरू होतो?” मग दोन तास कसे गेले कळलं नाही. पहाटे आरशाने पाठीमागची कातडी तपासण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पंधरा-वीस मिनिटांनी भार हलवायचा, हे मुलांना माहीत होतं. ताईंनी हातांवर जोर देऊन चटकन शरीर उचलून दाखवलं आणि म्हणाल्या, “तुम्ही हेच शिकवता ना? एवढ्याने काही होत नाही.” दाबलेल्या कातडीत रक्त पुरतं परतायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ हातांवर तोलून धरणं कुणाला शक्य नाही, म्हणून पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकायची, किंवा एका बाजूला झुकायचं, आणि तसंच थांबायचं. त्यांनी घड्याळ लावून सगळ्यांना दोन मिनिटं वाकून बसवलं. दोन मिनिटं किती लांब असतात ते खोलीतल्या शांततेतून समजलं.

जाताना एका मुलाने मदत म्हणून त्यांच्या खुर्चीच्या मुठी मागून धरल्या. त्या थांबल्या. “विचारून धर बाळा. हे माझे पाय आहेत.” अपंग व्यक्तींच्या चळवळीत ‘आमच्याविना आमच्याबद्दल काही नको’ अशी घोषणा आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारामागे तीच भूमिका आहे. हे मी पूर्वी स्लाइडवर दाखवत असे. आता ती स्लाइड काढून टाकली आहे. त्या ताई दर तुकडीला येतात.

धोक्याच्या खुणांवर, म्हणजे व्यायाम द्यायचा नाही असा पेशंट ओळखण्यावर, मी पूर्ण आठवडा घालवला. सहकाऱ्यांना हे जास्त वाटलं. त्यांचं म्हणणं, एवढं तर डॉक्टर बघतातच. पण अशा वस्तीत कमरेच्या दुखण्याला पहिला हात लावणारा माणूस बहुधा आमचा विद्यार्थीच असतो. त्याच्यामागे एमआरआय नाही, रक्ततपासणीचे कागद नाहीत. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, आराम करूनही न थांबणारं दुखणं, वजन उतरणं, बारीक ताप, मणक्यावर टिचकी मारल्यावर होणारी कळ, पाय अडखळू लागणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांमधल्या जागेची बधिरता. हे प्रश्न मी मुलांकडून इतक्यांदा म्हणून घेतले की शेवटी ती वैतागली. त्याच तुकडीतली एक मुलगी वस्तीत तिसऱ्या दिवशी माझ्याकडे धावत आली. पन्नाशीचे एक गृहस्थ, तीन महिन्यांपासून पाठ दुखतेय, आधी कुणीतरी मालिश सुचवलेली. तिने एकही व्यायाम दिला नव्हता. वहीत फक्त चार ओळी होत्या आणि खाली रेघ ओढून लिहिलं होतं, ‘आजच पाठवायला हवं.’ मणक्याचा क्षयरोग निघाला. पाय जायच्या आत औषधं सुरू झाली. तिने उपचार म्हणून काहीच केलं नाही, आणि त्या पोस्टिंगमधलं सगळ्यांत मोलाचं काम तेच होतं.

एका गोष्टीसाठी मात्र मी त्यांना तयार केलं नव्हतं, आणि ती पहिल्याच आठवड्यात समोर आली.

सहा वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर येणारी बंधनं), सर्वांत गंभीर पातळीचा. मान सावरत नव्हती. माझा विद्यार्थी त्याला मांडीवर घेऊन तपासत होता, आणि त्याच्या आईने विचारलं, “चालेल ना हो हा?” विद्यार्थी म्हणाला, “हो. व्यायाम केले तर चालेल.” रात्री तो जेवला नाही. मला म्हणाला, “मॅडम, ती माझ्याकडे बघत होती. मला दुसरं काही बोलताच आलं नाही.”

त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. सेरेब्रल पाल्सीतल्या हालचालींच्या क्षमतेच्या पाच पातळ्या त्याला पाठ होत्या. २००२ साली शेकडो मुलांच्या नोंदींवरून काढलेले वाढीचे आलेखही त्याने पाहिले होते. सौम्य पातळीची मुलं आपल्या क्षमतेचा ९० टक्के टप्पा पाच वर्षांच्या आसपास गाठतात, सर्वांत गंभीर पातळीची मुलं तीन वर्षांच्या आतच. सहाव्या वर्षी मान न धरणारं मूल स्वतःच्या पायांवर चालणार नाही, हे त्याला कळत होतं. ते त्या आईला कुठल्या शब्दांत सांगायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या सहा आठवड्यांत माणसाला वाईट बातमी सांगण्यासाठी एक तासही नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. बोलायचं त्यानेच, मी शेजारी बसणार, असं ठरलं होतं. तो म्हणाला, “ताई, काल मी तुम्हाला घाईत उत्तर दिलं. ते बरोबर नव्हतं. तो स्वतःच्या पायांनी चालेल असं मला वाटत नाही.” ती काही बोलली नाही. उठून आत गेली. तो उठू लागला, मी त्याचा हात धरून त्याला बसवलं. आम्ही मुलाशी खेळत राहिलो. बराच वेळ गेला. ती बाहेर आली, दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, “मग भरवताना त्याला ठसका लागतो, त्याचं काही होईल का?”

होण्यासारखं होतं. ती त्याला मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टेकवून भरवत होती. त्याने श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. पाठ सरळ, मान किंचित पुढे, हनुवटी खाली, आणि समोरून, डोळ्यांच्या खालच्या पातळीवरून घास. त्यासाठी त्याला आधाराची खुर्ची हवी होती, आणि ती करायला आम्ही शिकलो होतो. रद्दी, पुठ्ठे आणि खळ यांचे थर एकावर एक चिकटवून टणक फर्निचर करण्याची ही पद्धत गेल्या शतकात झिम्बाब्वेत रुजली आणि तिथून इतर देशांत पोहोचली. लाकडाइतकी मजबूत होते, पण पूर्ण वाळू द्यावी लागते आणि नंतर पाण्यापासून जपावी लागते. त्या विद्यार्थ्याने मुलाचं माप तीनदा घेतलं. पाठीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतचं अंतर, त्यातून दोन बोटं वजा. वर्गात पहिल्यांदा केलेल्या खुर्चीत त्याने हीच दोन बोटं सोडली नव्हती, त्यामुळे लवणीला कड लागून मूल पुढे घसरत होतं आणि कंबर मागे कलंडत होती. आता पावलांखाली फळी, छातीला पट्टा, मानेला दोन बाजूंनी उशा. खुर्ची वाळायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत तो आईला घडी घातलेल्या गोधडीने तीच बैठक कशी साधायची ते दाखवत राहिला, आणि रोज ठसक्यांची संख्या मांडत राहिला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो आकडा निम्म्यावर आला होता.

त्यानंतरच्या प्रत्येक तुकडीला मी त्या आईचा ‘चालेल ना हो हा?’ हा प्रश्न वर्गात विचारते. कुणीतरी आई होतं, कुणीतरी फिजिओ. ‘प्रयत्न करू’ आणि ‘देवाच्या हातात आहे’ ही दोन उत्तरं बाद. खरं सांगायचं, थांबायचं, आणि उठून जायचं नाही. वीस-वीस मिनिटं लागतात एकेकाला. कुणी रडतं. मी ते थांबवत नाही.

घरच्या माणसाला शिकवणं या विषयावर मात्र माझं मत दोनदा बदललं. कागदाच्या प्रकारानंतर मी नियम केला की एका भेटीत जास्तीत जास्त तीन गोष्टी सांगायच्या, त्याही रोजच्या कामात मिसळलेल्या. उठताना, आंघोळीच्या वेळी, भरवताना. आणि “समजलं का?” असं विचारायचं नाही, कारण त्यावर सगळे “हो”च म्हणतात. “आता तुम्ही मला करून दाखवा,” असं म्हणायचं. हे चांगलं चाललं. मला वाटायला लागलं, घरच्यांना नीट शिकवलं की आपलं काम संपलं.

मग मी ‘अटेंड’ हा अभ्यास पुन्हा काळजीपूर्वक वाचला. भारतातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० स्ट्रोकचे पेशंट त्यात होते. अर्ध्यांच्या कुटुंबीयांना पुनर्वसनाचं खास प्रशिक्षण दिलं, उरलेल्यांना नेहमीचे उपचार. २०१७ साली निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत सारखंच होतं, ४७ टक्के. काही काळ मी हबकले होते. सगळं ओझं घरावर टाकून आपण निघून जायचं, याला मी ‘सक्षम करणं’ म्हणत होते की काय? मी त्यातून एवढंच घेतलं की घरच्या माणसाला शिकवावं लागतंच, पण ते पुरत नाही. पहाटे कामावर जाणाऱ्या सुनेला फिजिओ बनवता येत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही धरू नये. मागे कुणीतरी उभं असावं लागतं, ठरल्या दिवशी येणारं.

म्हणून पोस्टिंगची रचनाच बदलली. आधी प्रत्येक तुकडी नव्या वस्तीत जायची, नवे अनुभव मिळावेत म्हणून. ते अनुभव विद्यार्थ्यांना मिळायचे, वस्तीला नाही. आता वस्ती एकच, घरं तीच, तुकड्या बदलतात. मधल्या काळात तिथली आरोग्यसेविका ठरल्या घरांत डोकावते. तिला आम्ही चार गोष्टी शिकवल्या आणि तिच्याकडून कितीतरी जास्त शिकलो, कुठल्या घरात कुणाशी बोलायचं इथपासून. फाइल आमच्या विभागात राहत नाही. प्रत्येक घरात एक वही असते, ती त्या घराची. विद्यार्थी तीत सोप्या मराठीत लिहितात, माप लिहितात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्र काढतात. पुढच्या तुकडीने घरात शिरल्यावर आधी वही मागायची, मग पेशंटला हात लावायचा. पहिल्या वर्षी काही वह्या हरवल्या, एकीत कुणीतरी हिशेब लिहिला. तरी बहुतेक टिकल्या.

आजींची वही टिकली. पहिल्या पानावर कागदवाल्या मुलीचं अक्षर आहे. ती इंटर्नशिपमध्ये रजा टाकून तिथे जाऊन आली, तेव्हाचं. ‘खाटेची उंची ४० सें.मी. चारही पायांखाली दोन-दोन विटा. आता ५४. आजी हात टेकून एकट्या उठल्या, ५ पैकी ३ वेळा.’ मग दोन महिन्यांनी दुसऱ्या हाताने लिहिलेलं, ‘एकेक वीट काढली. ५ पैकी ५.’ खाटेपासून दारापर्यंत कंबरेच्या उंचीवर एक जाड दोरी ताणून बांधलीय, उजव्या हाताला येईल अशी. ती कल्पना सुनेची. खाली तिने स्वतः लिहिलंय, ‘रात्री हाक मारत नाहीत.’

गेल्या महिन्यात चौथी तुकडी गेली. नवखी मुलगी, आजींच्या घरी पहिल्यांदाच. वही मागितली, वाचली, बंद केली, खाटेच्या कडेला बसली आणि विचारलं, “आजी, आता काय करता यायला हवंय?”

आजी म्हणाल्या, “दारापर्यंत येते मी. बाहेरच्या पायरीचं बघ काहीतरी.”

मुलीने टेप काढली. पायरी १८ सेंटिमीटर. उतार करायचा तर उंचीच्या बारापट लांबी हवी, म्हणजे २१६. दारासमोर मोकळी जागा जेमतेम दीड मीटर. ती उंबऱ्याशी उकिडवी बसून बराच वेळ जागेकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, “उतार बसणार नाही मॅडम. मध्ये नऊ सेंटिमीटरची एक रुंद पायरी घातली आणि उजव्या हाताला कठडा दिला तर?” आणि मी काही बोलायच्या आत तिने आजींना उठायला हात पुढे केला, मग थांबली, मागे घेतला, आणि दोरीकडे बोट दाखवून म्हणाली, “तुम्ही या आजी. तुमचं पाऊल केवढं पडतं ते आधी मोजू.”